पायलीभर ज्वारी, पायलीभर लाह्या

दोस्ता, एक कोडं घालू? ओंजळभर ज्वारी घ्यायची. तिच्यात काहीही मिसळायचं नाही. आणि तेवढ्याच ज्वारीनं अख्खं पातेलं भरून दाखवायचं! जमेल?

जमतं की! नागपंचमीला लाह्या फुटतात तेव्हा हेच तर होतं. आणि ज्वारीचं म्हणशील तर आपल्या सोलापूर जिल्ह्याचा हात कोण धरणार! मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठारच म्हणतात. तिथल्या काळ्याभोर जमिनीतली मालदांडी ज्वारी तर सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली.

आता ओळख पाहू, लाह्या झाल्यावर ज्वारीचं वजन वाढलं असेल का?

अजिबात नाही! उलट किंचित कमी झालंय!

मग वाढलं काय? वाढली ती जागा. एखाद्या वस्तूत ऐवज किती आहे, ते तिचं वस्तुमान. ते ग्रॅममध्ये मोजतात. ती वस्तू जागा किती अडवते, ते तिचं आकारमान. ते मिलिलिटरमध्ये मोजतात. आणि तेवढ्या जागेत तो ऐवज किती दाटीनं बसलाय, ती घनता!

तुझा वर्ग आठव. चाळीस मुलं बाकांवर खेटून बसलीत. मधल्या सुट्टीची घंटा झाली, की तीच चाळीस मुलं मैदानभर पांगतात. मुलं तेवढीच, पण दाटी कुठं गेली? लाहीचं अगदी तसंच झालं. वस्तुमान जवळजवळ तेवढंच, आकारमान कितीतरी पट, म्हणून घनता एकदम कमी!

पण ज्वारी फुलते कशी? कोरड्या दिसणाऱ्या दाण्यातही थोडं पाणी असतं. कढई कडकडीत तापली, की त्या पाण्याची वाफ होते. टणक साल तिला बाहेर पडू देत नाही. वाफ दाबत राहते, दाबत राहते... आणि फट्! साल फुटते, आतला पिठूळ भाग फेसासारखा फुगतो आणि तसाच घट्ट होतो. लाही म्हणजे जवळजवळ सगळी हवाच! आणि ते थोडंसं हरवलेलं वजन? ते वाफ होऊन उडून गेलं.

आता तुझ्या पणजीच्या काळात जाऊ. तेव्हा धान्य किलोवर नाही, मापानं मोजत. चिपटं, मापटं, शेर, पायली! ४ शेरांची १ पायली. म्हणजे मोजायचे ते आकारमान, वजन नव्हे. पायलीभर ज्वारी उचलताना हात भरून येईल. पायलीभर लाह्या? एका हातानं उचलशील!

मापात आणखी एक पाहुणी गुपचूप बसलेली असते. कोण? हवा! दाण्यादाण्यांच्या मधल्या फटींत ती असते. म्हणून माप नुसतं भरलं तर कमी धान्य मावतं. हलवून, ठोकून भरलं, की दाणे खाली बसतात आणि वर आणखी मूठभर मावते. त्यावर ढीग रचला, की झाली शीग! मला तर या मापांची फार मजा वाटते. एकच पायली, पण भरणाऱ्याच्या हातावर धान्य कमीजास्त!

मग खऱ्या दाण्याचं आकारमान काढायचं कसं, हवेला चकवून? पाण्यानं! मोजपात्रात १०० मिलिलिटर पाणी घे. त्यात १०० ग्रॅम ज्वारी टाक आणि जरा ढवळ, म्हणजे अडकलेले बुडबुडे निघून जातील. पाणी चढून साधारण १७५ ते १८० पर्यंत येतं. म्हणजे दाण्यांनी अडवली ७५ ते ८० मिलिलिटर जागा! आता वस्तुमानाला आकारमानानं भाग. उत्तर १.३ च्या आसपास येतं. पाण्याची घनता १ असते. ज्वारी पाण्यापेक्षा दाट, म्हणून ती तळाशी जाते.

आणि वर तरंगणारे ते दोन-चार दाणे? ते उचलून नीट बघ. बहुतेक किडीनं आतून पोखरलेले सापडतील! बाहेरून अगदी चांगले दिसत होते, पण पाण्यानं ओळखले.

आता एक लाही पाण्यात सोड. बुडेल की तरंगेल? आधी उत्तर वहीत लिही, मग सोड. आणि हो, लाही लगेच बघ बरं का! ती पटकन पाणी पिते आणि मऊ पडते.