तिथी धरून खाडी पाहावी

ठाण्याच्या खाडीकाठी, ऐरोलीच्या बाजूला, एखादी जागा आपली मानून तिथे वरचेवर जावं. पौर्णिमेच्या दुपारी तिवरांचे बुंधे पाण्यात बुडालेले असतात. आठवड्याने, अष्टमीच्या दुपारी, तिथेच मुळांपर्यंत चिखल उघडा पडतो. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकतो, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि पंधरवड्याने पुन्हा जवळपास त्याच वेळेवर पोचते. पुनव-अवसेचं उधाण, अष्टमीचा भांग हे कोळ्यांचं गणित तिथीवर चालतं ते यामुळेच.

आपणही तिथी धरून गेलो, तर एक नवल घडतं. त्याच तिथीला, त्याच वेळी पाणी जवळपास तितकंच असतं. मग जे वेगळं दिसतं, ते ऋतूचं!

पावसाळ्यात खाडीचं खारेपण उतरतं. तिवराचं बी झाडावर, फळातच अंकुरतं आणि गळून पडल्यावर भरतीबरोबर तरंगत जागा शोधतं. पावसानंतर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागतात. त्यांतल्या बहुतेकांची वीण कच्छच्या रणातली. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी आत ओढतात आणि चोचीतल्या बारीक जाळीतून सूक्ष्म शेवाळ गाळून घेतात. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यांनीच पिसं गुलाबी होतात; करड्या रंगाचा पक्षी दिसला, तर तो अजून लहान आहे असं समजावं. जवळच निवट्या चिखलावर उड्या मारत असतात. मासा असूनही अंग ओलं ठेवून त्या कातडीतून श्वास घेतात.

सर्वांत सावकाश बदल मात्र वर्षांनीच दिसतो. तिवराची श्वसनमुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात. त्यांच्यात शिरलेलं पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो, तळ उंचावतो आणि पुढच्या चिखलात नवी रोपं रुजतात. जंगल स्वतःची जमीन स्वतः घडवत खाडीत उतरतं! पण रोहितांना लागतो तो उघडा चिखल, आणि जंगल जितकं पुढे येतं तितका तो आटतो. किनारा सावरणारी झाडं आणि आपण ज्यांच्यासाठी धावत जातो ते पक्षी, दोघांना हवी असते ती एकच जागा. २०१५ साली या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. तरी दोघांमधली ही सीमा रोज भरती-ओहोटीच ठरवते.

ती सरकताना पाहायची असेल तर फार काही लागत नाही. काठावरची एक न हलणारी खूण निवडा, एक तिथी ठरवा आणि दरवर्षी तिथूनच एक फोटो काढा. पाच-सहा फोटो शेजारी ठेवलेत, की खाडी किती चालली ते तुम्हीच मोजू शकाल.