बाल्टिमोरचा नवा डाव
अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या चाली रचणारा प्रशिक्षक म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. 2019 च्या हंगामासाठी बाल्टिमोर रेव्हन्सने हे काम ग्रेग रोमनकडे सोपवलं. त्याने क्वार्टरबॅक लमार जॅक्सनच्या वेगाभोवतीच सगळी आखणी केली. चेंडू साथीदाराच्या पोटाशी टेकवून लमार क्षणभर थांबे; नजर मात्र कडेच्या बचावपटूवर. तो साथीदारावर झेपावला, की चेंडू काढून घेऊन लमार स्वतःच सुसाट! त्या बचावपटूला अडवायला माणूस खर्ची घालावाच लागत नाही, खरी हुशारी मला इथेच दिसते. त्या हंगामात संघ 3,296 यार्ड धावला, हा एनएफएलचा विक्रम. लमार एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्लेऑफमध्ये मात्र टेनेसीने त्यांना पहिल्याच सामन्यात, त्यांच्याच मैदानावर हरवलं.