डोळे मिटल्यावर महाराज दिसले नाहीत तर?

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका ताईंनी आम्हाला गाठलं. बुलढाणा जिल्ह्यातल्याच. गुडघ्यांमुळे त्यांचं शेगावला जाणं बंद झालंय. कुणीतरी सांगितलं, मानसपूजा करा. तेव्हापासून त्या रोज पहाटे डोळे मिटून बसतात. "पण मला गजानन महाराज दिसतच नाहीत हो. नुसता काळोख. माझी भक्ती कमी पडते का?" एवढं विचारताना त्यांचा आवाज जड झाला होता. तेव्हा आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. आज ते नीट द्यायचं आहे, आणि त्यासाठी थोडं लांबून, म्हणजे कॅथलिक साधनेच्या बाजूनेही यावं लागेल.

आधी आपल्याकडचं बघू. मनातली मूर्ती ही काही खऱ्या मूर्तीची गरीब भावंडं नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात मूर्तीचे आठ प्रकार सांगितलेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. मनातली मूर्ती थेट याच यादीत आहे. पैठणच्या एका गरीब ब्राह्मणाची गोष्टही गौडीय वैष्णव परंपरेत सांगतात. तो मनातल्या मनात खीर शिजवायचा. एकदा ती निवाली का बघायला त्याने बोट लावलं आणि चटका बसला. डोळे उघडून बघतो तर बोट खरोखर भाजलेलं! गोष्ट छानच आहे. पण आमच्या मते अशाच गोष्टींनी ताईंसारख्यांची पंचाईत केली आहे. त्याचं बोट भाजलं आणि आपल्याला साधा चेहरा दिसेना, म्हणजे आपण नापास, असं वाटायला लागतं.

आता कॅथलिकांकडे. तिथे संतांची प्रार्थना म्हणजे संतांनी आपल्यासाठी देवाजवळ रदबदली करावी ही विनंती. आराधना फक्त देवाची. इसवी सन ७८७ मध्ये निकाया इथे भरलेल्या धर्मपरिषदेने स्पष्ट केलं की चित्राला दिलेला मान चित्रात थांबत नाही, ज्याचं चित्र आहे त्याच्याकडे जातो. शेगावच्या भक्ताला हे पूर्ण पटणार नाही, कारण त्याच्या लेखी महाराज रदबदली करणारे नाहीत, प्रत्यक्ष ब्रह्मच आहेत. त्यामुळे "दोन्हीकडे एकच" असं म्हणून मोकळं होता येत नाही. पण डोळे मिटून नेमकं काय करायचं, याचा विचार त्यांच्याकडे फार बारकाईने झालाय, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे.

तो केला मुख्यतः इग्नेशियस लोयोला यांनी. हे स्पेनमधले लढवय्ये गृहस्थ. १५२१ साली पाम्प्लोना इथे तोफगोळ्याने पाय मोडला. बिछान्यावर वाचायला मिळालं ते येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. तिथून माणूस बदलला. पुढे त्यांनी येशूसंघ स्थापन केला. गोव्याला १५४२ मध्ये आलेले फ्रान्सिस झेवियर हे त्यांचेच सोबती. इग्नेशियस यांची 'आध्यात्मिक साधना' ही पुस्तिका १५४८ साली छापली गेली. सुमारे तीस दिवसांच्या एकांतातल्या साधनेसाठी ती आहे, आणि वाचण्यापेक्षा करण्यासाठी आहे.

त्यात प्रार्थनेची सुरुवात 'जागा मांडण्या'ने होते. येशूच्या जन्माचं ध्यान करायचं तर आधी नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा. तो किती लांब, किती रुंद? सपाट की दऱ्यांतून जाणारा? जन्माची गुहा मोठी की लहान, छत उंच की बुटकं? चेहऱ्याचं वर्णन मात्र ते करत नाहीत. रस्ता आणि छत यांच्याबद्दल विचारतात. मग सांगतात, तू स्वतः तिथे एक गरीब सेवक म्हणून उभा राहा आणि त्यांना काय हवं नको ते बघ. शेवटी बोलणं, मित्र मित्राशी बोलतो तसं.

आणखी एका ध्यानात ते म्हणतात, देवासमोर आणि त्याच्या सगळ्या संतांसमोर मी कसा उभा आहे ते बघ. पुस्तिकेतल्या अखेरच्या ध्यानात तर संत माझ्यासाठी विनवणी करताहेत, असं चित्र आहे. म्हणजे बघायचं ते फक्त संतांना नाही. त्यांच्यासमोर आपण कुठे उभे आहोत, हेही बघायचं.

हे शेगावला लावून बघा. पोथीचा पहिला अध्याय तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. दासगणूंच्या 'श्री गजानन विजय'चे एकवीस अध्याय, पण आपल्याला आज एवढाच प्रसंग पुरे. २३ फेब्रुवारी १८७८. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालीय. दुपारची वेळ. उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या आहेत आणि एक तरुण साधू त्यांतली शितं वेचून खातोय. बंकटलाल आणि दामोदरपंत बघतात. दामोदरपंत पाण्याचा तांब्या आणायला जातात. ते परत येईपर्यंत महाराजांनी जनावरांसाठी ठेवलेल्या पाण्यावर तहान भागवलेली असते.

आता तांब्या तुमच्या हातात आहे असं समजा. धावत आलात, पाणी थोडं सांडलं, आणि ज्याला द्यायचं तो पिऊन मोकळा झालाय. तुम्ही काय बोलाल? आमच्या मते खरी मानसपूजा इथे सुरू होते. महाराजांचं नाक कसं होतं, चिलीम कुठल्या हातात होती, हे दिसलं तर उत्तम. नाही दिसलं तरी उशीर झाल्याची चुटपुट लागतेच की! आपल्या पोथ्या हे काम शतकानुशतकं करत आल्या आहेत. नुसती स्तुती न करता त्या जागा देतात, वेळ देतात, भांडी देतात. गोव्यात थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६१६ साली मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापलं, तेव्हा त्यांनाही पुराणाचीच वाट सोयीची वाटली, हा काही योगायोग नसावा.

चेहऱ्याबद्दल एक गोष्ट मधेच सांगतो. गजानन महाराज १९१० मध्ये समाधिस्थ झाले, म्हणजे छायाचित्रांच्या काळात. म्हणून घरोघरी, रिक्षांमध्ये, दुकानांत एकच ओळखीचा चेहरा आहे, आणि तो दिसलाच पाहिजे असं आपल्याला वाटतं. वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले. त्यांची चित्रं पुष्कळ आहेत, पण ती त्यांना बघून काढलेली नाहीत. वसईचा भक्त त्यांना क्रुसावरून आणि भाल्यांवरून ओळखतो. त्याचं काही अडत नाही.

तर काळोखाचं काय? कॅथलिक परंपरेतल्या प्रार्थनेच्या सगळ्यात मोठ्या शिक्षकांपैकी एक म्हणजे आविलाच्या संत तेरेजा, जन्म १५१५. त्यांनी आत्मचरित्रात सरळ लिहून ठेवलंय की आपल्याला मनात चित्र उभं करता यायचं नाही. येशू जवळ आहे हे कळायचं, पण कसं? आंधळ्याला किंवा अंधारातल्या माणसाला समोर कुणी आहे हे कळतं तसं. म्हणूनच आपल्याला रंगवलेली चित्रं इतकी आवडतात, असंही त्या म्हणतात. हे त्यांनी लपवलं नाही आणि त्यामुळे त्यांची प्रार्थना थांबलीही नाही.

विज्ञानानेही याची दखल घेतली आहे. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना विचारलं, सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, ते मनात कितपत स्पष्ट दिसतं? काहींना लख्ख दिसलं, काहींना अजिबात नाही. मनात चित्र न उमटण्याला २०१५ साली 'अफँटेशिया' हे नाव मिळालं. शंभरातल्या एक ते चार जणांचं असं असावं, असा अंदाज आहे. हा आजार नाही आणि भक्तीचं मोजमाप तर नाहीच.

उलट ज्यांना फार स्पष्ट दिसतं त्यांना जरा जपायला सांगावं लागतं. मनातले महाराज बोलायला लागतात आणि नेमकं आपल्याला हवं तेच बोलतात. "अमुक शेत विकू नको," "त्या सुनेचं ऐकू नको." इग्नेशियस यासाठीच प्रार्थना संपल्यावर पाव तास बसून ती कशी झाली ते तपासायला सांगतात. तेरेजांचे सहकारी संत क्रुसाचे योहान आणखी कडक. मनातली चित्रं सुरुवातीला आधाराला ठीक, पण दृष्टान्त झाले तरी त्यांना धरून बसू नका, असं त्यांचं सांगणं आहे.

ताई आज सभागृहात आहेत की नाहीत, माहीत नाही. असतील तर त्यांना एवढंच सांगायचंय: उद्या पहाटे चेहरा शोधत बसू नका. तसबीर समोर ठेवा, डोळे उघडे ठेवले तरी चालेल. पोथीतला तो तांब्याचा प्रसंग वाचा, मनात तांब्या हातात घ्या, आणि गुडघ्यांचं काय ते महाराजांना तुमच्या नेहमीच्या भाषेत सांगा. हवं तर तक्रारही करा. आता प्रश्न घेऊ या.