जुन्या घराच्या नव्या खिडक्या

घराची डागडुजी काढली म्हणजे रंग कोणता द्यावा, फरशी कोणती बसवावी, याविषयीं घरांतील लहानथोर सर्वजण आपापलें मत हिरीरीनें मांडतात. खिडक्यांचा प्रश्न मात्र बहुधा दुकानदारावर सोंपविला जातो, आणि तो जो नमुना पुढें करतो तोच सगळ्या घराला सरसकट लावला जातो. वस्तुतः रंग मनास आला नाहीं तर चार वर्षांनीं पालटतां येतो. परंतु खिडकी चुकली तर त्या खोलींतील हवा, उजेड आणि झोंप हीं तिन्ही कित्येक वर्षें बिघडतात. म्हणून या विषयाचा आज थोडा सविस्तर विचार करूं.

खिडकीचा आरोग्याशीं केवढा संबंध आहे, हें आपल्या प्रांतानें फार मोठी किंमत देऊन जाणलेलें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां दाटीवाटीच्या वस्त्यांतील कोंदट व अंधाऱ्या खोल्यांकडे राज्यकर्त्यांचें लक्ष गेलें, आणि १८९८ सालीं शहराच्या सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आजच्या राष्ट्रीय इमारत संहितेंतहि, दमट व उष्ण हवामानांत राहत्या खोलीच्या खिडक्यांचें क्षेत्रफळ जमिनीच्या एक-षष्ठांशाहून कमी नसावें, असें सांगितलें आहे. म्हणजे १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीस २० चौरस फुटांच्या खिडक्या हव्यात.

हा हिशेब मनांत धरला म्हणजे हल्लींच्या सरकत्या खिडकीचा दोष ध्यानांत येतो. तिचीं दोन तावदानें एकामागें एक उभीं राहतात. त्यामुळें कितीहि उघडली तरी निम्मी खिडकी बंदच राहते. बिजागरीच्या दोन झडपांची जुनी खिडकी काढून तेथें सरकती बसविली, तर भिंतींतील जागा तेवढीच राहून वारा मात्र निम्म्यावर येतो. झडप उघडल्यास चालणाऱ्याच्या डोक्याला लागेल अशा अरुंद बोळांत सरकती खिडकी सोईची खरी. परंतु आजी-आजोबांच्या निजण्याच्या खोलींत अथवा स्वयंपाकघरांत बिजागरीचीच असावी, असें आमचें मत आहे.

त्यानंतर दिशेचा विचार. दक्षिणेकडचें दुपारचें ऊन उंचावरून येतें, तें दीड-दोन फुटांच्या छज्जानें बरेंच अडतें. पश्चिमेचें ऊन तिरपें येत असल्यामुळें छज्जाला दाद देत नाहीं. आणि चैत्र-वैशाखांत खोली तापते ती याच उन्हानें. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊसहि याच बाजूनें झोडपतो. तेव्हां पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून झिलमिली लावावी, तिच्या खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, आणि तेथें सरकती खिडकी असेल तर रुळाच्या खांचेंतील पाणी बाहेर जाण्यास भोकें आहेत कीं नाहींत तें पाहावें.

चौकट कशाची असावी, हा पुढचा प्रश्न. जुन्या वाड्यांतील अथवा कोंकणांतील घरांतील सागवानी चौकटी उखडण्यापूर्वीं चांगल्या सुताराकडून त्यांची परीक्षा करवावी. खालच्या आडव्या लांकडांत व कोपऱ्यांच्या सांध्यांत टोंचणी टोंचून पाहावी. ती सहज रुतली तर तेवढा भाग कुजला किंवा वाळवीनें खाल्ला असें समजावें. पुष्कळदां चौकट धडधाकट असते आणि झडपाच काय त्या वांकड्या झालेल्या असतात. अशा वेळीं झडपा व बिजागऱ्या नव्या केल्या कीं काम भागतें. भिंत फोडावी लागत नाहीं आणि पैसाहि वांचतो.

चौकटच गेली असेल तर मात्र नवी घेणें भाग आहे. सागवान दीर्घायुषी खरें, परंतु त्याला अधूनमधून तेलपाणी करावें लागतें. ॲल्युमिनियम हलकें व टिकाऊ आहे. मात्र उष्णता वाहून नेण्यांत तें लांकडाच्या सुमारें हजारपट पुढें आहे. यू. पी. व्ही. सी.ला वाळवी लागत नाहीं व तें गंजतहि नाहीं. पण मोठ्या झडपेच्या पोटांत पोलादी पट्टी नसेल तर ती कालांतरानें लवते. म्हणून दुकानांत वरची चकाकी पाहण्याऐवजीं आडवा कापलेला तुकडा मागून पाहावा.

दुहेरी कांचेची हल्लीं फार स्तुति होते. दोन कांचांमध्यें कोंडलेली हवा उष्णता व आवाज अडविते हें खरें. पण खिडकी बंद असेल तोंवरच. दिवसभर उघड्या राहणाऱ्या खिडकीवर तो खर्च व्यर्थ होय. रहदारीच्या रस्त्यावर विद्यार्थ्याच्या अभ्यासाची खोली असेल, तर तेथें तो सार्थकीं लागेल.

आतां एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची. न्हाणीघराची तिरप्या पट्ट्यांची जुनी खिडकी काढून तेथें पक्की कांच बसविण्याचा मोह अनेकांस होतो. त्या न्हाणीघरांत गॅसवर चालणारा गीझर असेल तर हा मोह प्राणघातक आहे. कोंडलेल्या जागेंत गॅस अपुरा जळून कार्बन मोनॉक्साइड वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि आंतील माणसास हांक मारण्याचीहि शुद्ध राहत नाहीं. असा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत असावा, आणि न्हाणीघराचा झरोका कधींहि बुजवूं नये. तसेंच, चोरांच्या भीतीनें सर्व खिडक्यांस लोखंडी गज लावले तरी प्रत्येक मजल्यावर एक जाळी आंतून उघडणारी ठेवावी. आग लागल्यास तीच वाट उरते. तिची किल्ली कोठें आहे हें घरांतील मुलांसहि ठाऊक असावें.

तात्पर्य, दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक खिडकीपुढें उभें राहून तिची दिशा, तिचें काम आणि तिच्यापाशीं बसणारें माणूस यांची टिपणी करावी. चुलीपुढें उभी राहणारी सून आणि खिडकीशीं बसून वर्तमानपत्र वाचणारे आजोबा यांस आधीं विचारावें, दुकानदारास मागाहून. मग प्रत्येक जागेची उंची व रुंदी तीन-तीन ठिकाणीं मोजून सर्वांत लहान माप धरावें, कारण जुन्या भिंती क्वचितच काटकोनांत असतात. काम फाल्गुनांत काढलें तर मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं घर निर्धास्त होईल.