घरावरील छत्री : निवड व उभारणी

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील काही जुन्या घरांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांची अँटेना अद्याप दृष्टीस पडते. तिचे तोंड दक्षिणेस, सिंहगडाकडे असते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम या भागात दिसू लागले. परंतु जुन्या पद्धतीचे हे भूप्रक्षेपण २०२२ पर्यंत देशात बहुतांशी बंद करण्यात आले. म्हणून जुनी अँटेना दुरुस्त करण्यात वा तिचा खांब वाढविण्यात पैसा घालू नये.

आता दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा उपग्रहावरून मिळते. ती डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तीवर डीडी सह्याद्री आणि २६ मे २०१५ रोजी सुरू झालेली डीडी किसान ही वाहिनी पाहता येते. मासिक वर्गणी नाही. साहित्याचा खर्च एकदाच करावा लागतो.

साहित्य : छत्री, तिच्यापुढील एल.एन.बी., केबल व सेट-टॉप बॉक्स एवढे साहित्य पुरते. सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची छत्री सामान्यतः चालते. मुसळधार पावसात लहरी क्षीण होतात व चित्र तुटते. मोठी छत्री अधिक लहरी गोळा करते. मात्र तिच्यावर वाऱ्याचा जोरही अधिक बसतो. केबल अखंड असावी. जोडात पाणी शिरल्यास चित्र बिघडते.

जागा व दिशा : उपग्रह आग्नेयेस आहे. या परिसरातून त्याची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे मोजता सुमारे १३२ अंश व क्षितिजापासून उंची सुमारे ५९ अंश भरते. त्या बाजूस छत्रीपेक्षा ५ मीटर उंच भिंत वा झाड असल्यास छत्री त्यापासून किमान ३ मीटर दूर ठेवावी. पत्र्याजवळ होकायंत्र चुकते. म्हणून दिशा मोकळ्या जमिनीवर ठरवून घ्यावी. खांब ओळंब्यात बसवावा. बाजारातील बहुतेक छत्र्यांचा एल.एन.बी. मध्यापासून खाली असतो, त्यामुळे छत्री प्रत्यक्षापेक्षा अधिक उभी दिसते. ती अकारण वर वळवू नये. बॉक्समधील संकेतपट्टी पाहत छत्री हळूहळू फिरवावी व संकेत सर्वाधिक होताच नटबोल्ट घट्ट करावेत.

धोका : कारखान्यांच्या या पट्ट्यात उच्च दाबाच्या विजेच्या तारा जागोजागी गेल्या आहेत. खांब आडवा पडला तरी तारेस लागणार नाही, एवढे अंतर राखावे. लोखंडी नळी हाती धरून तारेखाली काम करणे म्हणजे प्राणाशी गाठ होय. ओल्या छपरावर वा विजा चमकत असता वर चढू नये. वादळापूर्वी बॉक्सची वीज व केबल दोन्ही काढून ठेवावीत.

चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा नेणाऱ्या शेतकऱ्यास हवामानाची सूचना वेळेवर मिळाली, तर काढलेला माल भिजण्यापूर्वी झाकता येतो. ग्रामसेवकांनी एखाद्या घरी छत्री योग्य रीतीने बसवून दाखवावी. पाहिलेले काम शेतकरी लवकर आत्मसात करतो.