शोध विद्यापीठाचा, औषध कंपनीचं. मग चावी कुणाकडे?

विद्यापीठं आपलं संशोधन कंपन्यांना ‘लायसन्स’वर देतात, असं आपण ऐकतो. म्हणजे नेमकं काय करतात?

सोपं आहे. पेटंट विद्यापीठाच्याच नावावर राहतं, कंपनीला ते वापरायची परवानगी मिळते आणि विक्रीतला ठरलेला वाटा, म्हणजे रॉयल्टी, विद्यापीठाला येते. घर आपलं, भाडेकरू कंपनी. खरी गंमत भाडेकरारात असते. परवानगी अनेकांना द्यायची की एकालाच? एकालाच दिली, तर नंतर घरमालकही दुसऱ्याला आत घेऊ शकत नाही!

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं उदाहरण बघा. १९८०च्या दशकात तिथल्या विल्यम प्रुसॉफ आणि ताई-शुन लिन यांना दिसलं, की स्टॅव्हुडिन हे रसायन एचआयव्हीला रोखतं. येलनं पेटंट घेतलं आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या एकाच कंपनीला हक्क दिले. आता, माणसांवरच्या चाचण्यांना प्रचंड पैसा लागतो. तो घालणारी कंपनी एकाधिकार मागणारच, त्यात नवल नाही. १९९४मध्ये औषध बाजारात आलं.

पण पुढे काय झालं, ऐका. दक्षिण आफ्रिकेत लाखो लोकांना एचआयव्हीची लागण झालेली, आणि औषध परवडत नाही. फेब्रुवारी २००१मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. त्यात स्टॅव्हुडिनही होतं. अडचण एकच: तिथेही पेटंट येलचं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं येलला विचारलं, तर उत्तर आलं, हक्क कंपनीला दिलेत, आमच्या हातात नाही.

मग येलचेच विद्यार्थी उभे राहिले. खुद्द प्रुसॉफ त्यांच्या बाजूनं बोलले. मार्चमध्ये कंपनीनं जाहीर केलं, की दक्षिण आफ्रिकेत पेटंट आड येऊ देणार नाही, आणि औषधाची किंमत दिवसाला १५ सेंटवर आणली.

म्हणजे बघा, ‘गरीब देशांत स्वस्त औषधाला मोकळीक’ एवढी एक अट करारातच असती, तर ही धावपळ लागली नसती. सही झाल्यावर विनंती करावी लागते. सहीआधी अट घालता येते.

तेव्हा तुमच्या कॉलेजनं एखाद्या कंपनीशी करार केल्याची बातमी आली, तर रकमेवर थांबू नका. विचारा: हक्क एकाला की अनेकांना? कुठल्या देशांसाठी? आणि कंपनीनं शोध नुसताच दाबून ठेवला, तर तो परत मिळणार का?