पावसाळ्यातील गवतकापणीचा व्यवसाय

कोकणात मृगाच्या सरी कोसळू लागल्या की वैशाखात करपून गेलेले कातळ पंधरवड्यात हिरवे होतात आणि श्रावण लागेपर्यंत शाळेचे पटांगण, आरोग्य उपकेंद्राचे आवार, वाडीकडे जाणारी पाणंद गुडघाभर गवताखाली जाते. पूर्वी हे गवत कोयत्याने व बहुधा श्रमदानातून निघत असे. आता खांद्याला अडकवायचे पेट्रोलवरील यंत्र, ज्याला सर्वत्र ‘ग्रासकटर’ याच नावाने ओळखले जाते, गावोगावी पोहोचले असून त्यावर तरुणांचा व बचत गटांचा एक हंगामी व्यवसाय उभा राहिला आहे. तथापि या व्यवसायात एक मूलभूत अडचण आहे. ज्या पावसाने गवत वाढते, त्याच पावसात ते कापता येत नाही. यंत्र कर्जाऊ घेतलेले असेल तर हप्ता मात्र जुलैतही भरावाच लागतो.

यास्तव हंगामाचे वेळापत्रक प्रथम पाहिले पाहिजे. गावाच्या दृष्टीने त्यात दोन तिथी अढळ आहेत : १५ ऑगस्टचे ध्वजवंदन आणि गणेशचतुर्थी. चाकरमानी गावी येण्यापूर्वी वाटा मोकळ्या हव्यात, हा तर कोकणातील अलिखित कायदाच होय. हंगामाचा शेवट मात्र सरकला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. दक्षिणेकडील जिल्ह्यांतून तो सामान्यतः त्यानंतरच निघतो. सप्टेंबरअखेर शेवटची फेरी उरकण्याचा जुना हिशेब त्यामुळे चुकतो. गवत पुन्हा वाढते आणि तक्रार कापणाऱ्याकडे येते. ध्वजवंदनाचे पटांगण १४ तारखेवर ठेवणे हाही असाच धोक्याचा मामला. ते १० ते १२ ऑगस्टच्या दरम्यान, मिळेल त्या उघडिपीत कापून घ्यावे. दोन दिवसांत वाढणारे गवत समारंभाला आड येत नाही.

खरा प्रश्न करारनाम्याचा आहे. मजुरी दिवसावर ठरली, तर सकाळी अकरा वाजता पाऊस सुरू झाल्यावर अर्धा दिवस कोणाच्या खाती घालावयाचा, यावरून वाद होतो. ती गुंठ्यावर ठरली, तर पावसाचा सारा तोटा कापणाऱ्याच्या माथी बसतो. ‘पावसाचा दिवस वगळून’ असे मोघम शब्द लिहिण्याचीही प्रथा दिसते. ते शब्द जवळजवळ निरर्थक आहेत. हवामानशास्त्राच्या व्याख्येने २.५ मिलीमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस हा पावसाचा दिवस, आणि त्या मापाने कोकणातील जुलैचे बहुतेक दिवस वगळले जातील. शिवाय चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो. रात्री कोसळून दिवसभर कोरडा राहिलेला दिवस त्या नोंदीवरून ओळखता येत नाही. त्यापेक्षा दर ‘फेरी’वर ठरवावा : जुलैअखेर एक, चतुर्थीपूर्वी एक, ऑक्टोबरात एक, प्रत्येक फेरीला एका दिवसाऐवजी आठवड्याची मुदत द्यावी, आणि काम थांबल्याची वेळ ग्रामपंचायतीच्या वहीत उभयतांच्या सहीने त्याच दिवशी टिपावी. पहिल्या फेरीचे देयक दुसरी सुरू होण्यापूर्वी चुकते झाले, तर जुलैचा हप्ता सावकाराकडे न जाता भरला जाईल. ग्रामपंचायतीला यासाठी अधिक पैसा लागत नाही. लागते ती थोडी तत्परता.

ओले गवत कापण्याची रीत वेगळी आहे. ते यंत्राच्या फिरत्या डोक्याभोवती गुंडाळते आणि यंत्रावर ताण आणते. म्हणून उंच वाढलेले गवत एकदम मुळाशी न कापता दोन टप्प्यांत उतरवावे. शासकीय विश्रामगृहासारख्या ठिकाणच्या हिरवळीला एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक छाटू नये, नाहीतर ती पिवळी पडते. गडग्यालगत व दगडांत पात्याऐवजी नायलॉनची दोरी बरी. कापलेले गवत पटांगणावर तसेच सोडल्यास त्याचे थर कुजतात व खालची हिरवळ गुदमरते. ते त्याच दिवशी ओढून काढावे. इंधनात पाणी शिरू देऊ नये. त्यातील तेलाचे प्रमाण यंत्रासोबतच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.

यंत्रातून उडणारा खडा डोळा घालवू शकतो. चष्मा वापरावा आणि पंधरा मीटरच्या आत कोणास, विशेषतः मधल्या सुट्टीतील मुलांना, येऊ देऊ नये. गवतात फुरसे असते म्हणून गमबूट हवेतच. पण लेप्टोस्पायरोसिससाठीही ते तितकेच आवश्यक. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग जखमेवाटे शरीरात शिरतो. ताप, डोकेदुखी व पोटऱ्यांत वेदना ही लक्षणे दिसताच अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच.

परतीच्या पावसात आणखी एक भय असते. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग जमतात व विजा पडतात. उघड्या कातळावर धातूची लांब दांडी हाती धरून उभा असलेला माणूस तेव्हा संकटात असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन जवळपासच्या विजांची सूचना देते. शेवटची फेरी सकाळीच घ्यावी, आणि गडगडाट ऐकू येताच यंत्र खाली ठेवून पक्क्या छपराखाली जावे; फेरी दुसऱ्या दिवशीही पुरी करता येते.